अकरा शिदोऱ्यांची घारापुरी

(डिसेंबर १९६०. आर्णीजवळचं एक खेडं. उकंडाच्या घरची ओसरी, सकाळची वेळ.)

पंचफुला : पुन्हा सांगा. लाँचीतून उतरलं का पह्यलं काय दिसते?

उकंडा : पाणी.

पंचफुला : पाणी तं लाँचीतूनच दिसते. उतरल्यावर काय दिसते, थे विचारून राह्यली मी.

उकंडा : उतरल्यावर... पायऱ्या.

पंचफुला : किती?

उकंडा : हजार.

पंचफुला : सव्वाशे! मी मोजल्या, उपाशीपोटी मोजल्या. एकेक पायरी माह्या गुडघ्यात अजून बसून हाय.

उकंडा : आता गावभर हजार झाल्या वं. चावडीवर मी हजार सांगतल्या, शाळेत आपल्या पोट्टीनं, नलूनं हजार सांगतल्या. आज सव्वाशे म्हतलं तं बाकीच्या पावणेनऊशे कोणं नेल्या, असं विचारतीन लोक.

पंचफुला : बाकीच्या तुमच्या जिभेनं बांधल्या, तिलेच विचारा म्हणा. बरं, पायऱ्या झाल्या. मंग?

उकंडा : मंग लेणं. मोठ्ठं. लय मोठ्ठं.

पंचफुला : मोठ्ठं म्हंजे केवढं? पोट्टे विचारतीन.

उकंडा : दिग्रसच्या कापसाच्या जिनातल्या गोदामाएवढं.

पंचफुला : हे बरं सांगतलं. गोदामाएवढं, पण वरतं कापूस नाई, अख्खा डोंगर ठेवलेला. अन् मधात खांबच खांब. आता मूर्ती सांगा.

उकंडा : तीन मूर्त्या.

पंचफुला : एक!

उकंडा : तूच तं रेल्वेत तीन म्हतलं होतं.

पंचफुला : तीन तोंडं म्हतलं होतं. इकडं पहा. हा रांजण पहा. हा रांजण म्हंजे मूर्ती. समोर एक तोंड, या बाजूनं एक, त्या बाजूनं एक. मांगं भिंत.

उकंडा : अन् रांजणात पाणी?

पंचफुला : तुमच्या खांद्यावर डोकं हाय का नुसतं मुंडासं हाय जी?

उकंडा : फुला, मी बेमार पडू का आजच्या दिवस?

पंचफुला : पडा. गुरुजी आर्णीहून डॉक्टरले घेऊन येतीन. थ्या माणसाचा स्वभाव तसाच हाय. डॉक्टर सुई टोचंल, अन् सुईच्या भेवानं तुमी सगळं बोलून टाकसान.

उकंडा : मी खोटं बोललो कुठी पण? आर्णीच्या मोटारस्टँडवर उतरलो, पंजाबराव भेटला. म्हणे, उकंडा, मुंबईले गेलता, समुद्रातलं बेट पायलं का? म्हतलं, पायलं. पायलंच होतं न! लाँचीत बसून पायलं.

पंचफुला : अन् मंग त्यानं विचारलं, लेणं कसं हाय?

उकंडा : मंग मी सांगतलं.

पंचफुला : कोणाचं सांगतलं? धामणगाव येईपर्यंत रेल्वेत मी तुमाले सांगत आली, थेच तुमी आर्णीपासून लोकाईले सांगत आले. पाहून आली मी, अन् चहा पाजून राह्यले लोक तुमाले.

उकंडा : तवाच का नाई बोलली मंग?

पंचफुला : नलू आपल्याले घ्याले आलती, तुमचा हात धरून उभी होती. तिच्याकडं पाहून मी गप बसली. मले काय ठाऊक, गोष्ट शाळेपर्यंत जाईन म्हणून!

उकंडा : थेच तं. चावडीवर काही म्हतलं तं म्हतलं, चावडीवर सगळेच म्हणतेत. पण शाळा, फुला! मी नलूएवढा होतो तवा त्या शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून पाढे आयकले. आतलं पोट्टं चुकलं का मी बाहेरून मनात बरोबर म्हणत जावो. आता गुरुजी मले आत बलावून राह्यले, पोट्ट्याईले दोन शब्द सांगा म्हणून. आत जाऊन खोटं सांगू कसं? अन् खरं सांगतलं तं नलूचं काय होईन? आज दोन वेण्या घालून, फिती बांधून गेली थे. माहे आबा येणार हायेत, असं साऱ्या मोहल्ल्याले सांगत गेली.

पंचफुला : म्हणूनच म्हणते, नीट पाठ करा. बाजूचं तोंड कसं हाय?

गुरुजी : उकंडाजी आहेत का घरी?

उकंडा : आले वं! तास बाकी होता न अजून!

पंचफुला : या जी गुरुजी. बसा. घोंगडं टाकलंच हाय.

गुरुजी : बसतो. शाळेला अजून तासभर आहे. म्हटलं, पाहुण्याला बोलवायचं आणि एकटं यायला लावायचं, हे बरं नाही. बरोबरच जाऊ. चहा ठेवलात तर नको म्हणणार नाही, फक्त गूळ बेतानं.

पंचफुला : ठेवते. इथंच चुलीपाशी बसते मी, म्हंजे आयकू येते.

गुरुजी : उकंडाजी, तुम्ही येताय म्हणून मुलं नुसती उड्या मारताहेत. आणि खरं सांगू, मुलांपेक्षा मला घाई झाली आहे. सव्वीस वर्षं मी समुद्र शिकवतो आहे. फळ्यावर निळ्या खडूनं काढतो. निळा खडू संपला की पांढऱ्यानं काढतो, आणि मुलांना सांगतो की हा निळा आहे असं समजा. मी स्वतः पैनगंगेपलीकडं मोठं पाणी पाहिलेलं नाही.

उकंडा : तुमी समुद्र नाई पायला? तुमी तं भूगोल शिकवता!

गुरुजी : भूगोल शिकवायला फिरावं लागत नाही हो, पुस्तक पुरतं. आता आमची अडचण पहा. चार वर्षांपूर्वी आपली राजधानी नागपूर होती. मग मुंबई राज्यात गेलो. आता महाराष्ट्र झाला. आपण इथून इंचभर हललो नाही, राजधानीच आपल्याभोवती फिरते आहे. मुलं विचारतात, गुरुजी, मुंबई कुठं आहे? मी नकाशावर छडी ठेवतो. म्हणून म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस गावात आहे, त्याच्या तोंडून ऐकू दे.

उकंडा : हव जी. मुंबई... तिकडं हाय. पश्चिमेले.

गुरुजी : वा! आता जरा मला आधी सांगून ठेवा, म्हणजे वर्गात मी मध्ये मध्ये विचारत बसणार नाही. नलू म्हणाली, बेटावर हजार पायऱ्या आहेत.

उकंडा : हव... तशा असतीन.

गुरुजी : काल मी त्याचंच गणित घातलं. एक पायरी वीतभर उंच धरली, नऊ इंच. हजार पायऱ्या म्हणजे नऊ हजार इंच, म्हणजे साडेसातशे फूट. मुलांनी बरोबर काढलं. पण पुस्तकात पाहतो तर त्या बेटाचा सगळ्यात उंच डोंगरच साडेपाचशे फुटांच्या आसपास. मग वरच्या अडीचशे पायऱ्या कशावर आहेत? मला तर वाटलं, नुसत्या हवेत आहेत की काय!

उकंडा : हवा होती न जी वर. लय हवा होती.

पंचफुला : अं... हुं... हुं!

गुरुजी : बाई, धूर लागला का?

पंचफुला : लाकूड ओलं हाय जी. सव्वाशे डाव फुंकलं. सव्वाशे!

उकंडा : सव्वाशे असतीन गुरुजी. चढताना हजार वाटतेत.

गुरुजी : असं होय! हे मात्र पटलं. वर्गात हेच सांगा, मोजणं वेगळं आणि वाटणं वेगळं. बरं, लेणं?

उकंडा : जिनातल्या गोदामाएवढं. वरतं डोंगर. मधात खांब. अन् मूर्ती एक. रांजणासारखी.

गुरुजी : रांजणासारखी?

उकंडा : म्हंजे... मांगून भिंत. समोर तोंड. या बाजूनं तोंड, त्या बाजूनं तोंड.

गुरुजी : अच्छा, त्रिमूर्ती. चेहऱ्यावर भाव कसे आहेत? तिन्ही सारखेच?

उकंडा : सारखेच. एकाच कारागिराचे न जी.

पंचफुला : हुं! हुं! हुं!

उकंडा : नाई नाई, अलग अलग हायेत. एक... एक धुरातलं हाय.

गुरुजी : धुरातलं?

उकंडा : अंधार असते न तथी. गुरुजी, एक गोष्ट पह्यले बोलतो. आमी दीक्षा घेतली. आमच्या घरातले देव चार वर्षं झाले, गेले. आता मी शाळेत जाऊन महादेवाची मूर्ती सांगत बसलो तं आमच्या मोहल्ल्यात लोक काय म्हणतीन? त्यापरीस मूर्ती राहू द्या. दुसरं काही सांगतो.

गुरुजी : देव म्हणून सांगू नकाच. माणसाच्या हाताचं काम म्हणून सांगा. पण तुमच्या मनात नसेल तर माझा आग्रह नाही. मग समुद्र सांगा. मी त्यासाठीच तासभर आधी आलो आहे. कसा असतो हो?

उकंडा : समुद्र? समुद्र मी सांगतो तुमाले. पुस्तकात निळा लिहिलं हाय न? खोटं हाय. सकाळी पहा तं नाल्याले पूर आल्यावर गढूळ पाणी राह्यते न, तसा. दुपारी ऊन डोक्यावर आलं का घासलेल्या परातीसारखा, पाहू देत नाई, डोळे मिटतेत. अन् संध्याकाळी, सूर्य टेकला का, पिकलं जांभूळ चिरडल्यासारखा. एका दिवसात तीन रंग पायले मी.

गुरुजी : तीन रंग! सव्वीस वर्षं मी एकाच खडूवर भागवलं. पुढं?

उकंडा : अन् थे पाणी एका जागी राह्यत नाई. सकाळी धक्क्याले भिडलेलं होतं, लाँच सरळ पायरीले लागली. दुपारी पाह्यतो तं पाणी मांगं सरकलेलं! धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या, शेवाळलेल्या, त्याच्यावर खेकडे पळून राह्यले. लाँच दूरच थांबली, लोकाईले छोट्या होडीत उतरवलं. संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं, पुन्हा लाँच पायरीले. खलाशी म्हणे, बाबा, हे रोजचं हाय, दिवसातून दोन डाव येते अन् दोन डाव जाते.

गुरुजी : भरती-ओहोटी! उकंडाजी, हे मी दरवर्षी घोकून घेतो, पण खेकडे माझ्या पुस्तकात नाहीत.

उकंडा : अन् लाटेचं सांगू? लाट आली का बसल्या जागी पोट वर येते. बंडी दगडावर चढली का येते तसं. पह्यल्या चकरेत मी ओकलो. दुसऱ्या चकरेत ओकलो. तिसऱ्यात पोटात काही राह्यलंच नोयतं. चौथ्यापासून मंग मजा याले लागली.

गुरुजी : चौथ्यापासून?

उकंडा : हव... म्हंजे...

गुरुजी : थांबा हं. मुंबईहून बेटावर जाणं एक. बेटावरून मुंबईला येणं एक. एक आणि एक?

उकंडा : दोन.

गुरुजी : तुमचे पाढे पक्के आहेत, नलू सांगत असते. मग चौथी चक्कर कुठून आली?

पंचफुला : चहा झाला जी!

गुरुजी : ठेवा तिथं, बाई. थोडा निवू दे. उकंडाजी, एकूण चकरा किती?

उकंडा : सहा.

गुरुजी : सहा.

उकंडा : सकाळी गेलो, आलो. दुपारी गेलो, आलो. संध्याकाळी गेलो, आलो. गुरुजी, मी बेटावर उतरलोच नाई. एक पाय नाई ठेवला. पायऱ्या, लेणं, मूर्ती, हे सगळं हिचं हाय. हिनं रेल्वेत सांगतलं, मी गावात वाटलं. आता शाळेत मले नेऊ नका. काहीही सांगा पोट्ट्याईले, पण नलूच्या समोर सांगू नका.

गुरुजी : आधी चहा घ्या. आणि मला एवढंच सांगा, उतरला का नाहीत? भीती वाटली?

उकंडा : भेवाचं नाई जी. आमी बारा जणं होतो. घाटंजीचे चार, दिग्रसचे सहा, अन् आमी दोघं. सहा डिसेंबरचा दादरचा कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी एका मिलकामगारानं आमाले घारापुरीले न्यायची सोय करून देली. सोबत एक गाइड. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली का चालायचं, शिट्टी वाजली का थांबायचं. शिदोऱ्या हरेकाच्या सोबत. आमच्या दोघांत एक, म्हंजे अकरा गठुडे. लाँच बेटाले लागली. गाइड म्हणे, चलो, चलो. सगळे उठले. आता तुमीच सांगा गुरुजी, जत्रेले गेल्यावर बंडी सोडली का काय करतो आपुन?

गुरुजी : काय करतो?

उकंडा : एक माणूस बंडीपाशी ठेवतो! सामान पाह्याले. बाकीचे जत्रा पाहून येतेत, मंग थो जातो. हे लहान लेकरालेही ठाऊक राह्यते. मी त्यात वयानं मोठा. म्हतलं, जा तुमी, पाहून या, मी गठुड्यापाशी बसतो. तुमी आले का मी जाईन. हिनंही म्हतलं, बसा.

पंचफुला : हव, म्हतलं मी. मले काय ठाऊक, बंडीच निघून जाईन म्हणून!

उकंडा : बंडी अशी जात नाई न गुरुजी! बैल सोडल्यावर बंडी जाईन कशी? पण इथं बैल सोडलेच नोयते. इंजिन चालूच होतं. मी गठुडे एका ओळीत लावून राह्यलो, अन् वर पाह्यतो तं बेट चाललं मांगं मांगं.

गुरुजी : तुम्ही ओरडला नाहीत?

उकंडा : ओरडलो! म्हतलं, अरे, माहे माणसं राह्यले! खलाशी म्हणे, शाम को मिलेंगे. मुंबईले आलो. लाँचीत नवे लोक बसले. मले म्हणे, बाबा, उतरो. मी म्हतलं, अकरा लोकाईची भाकर हाय माह्यापाशी, मी उतरत नसतो. खलाशी भला माणूस होता. बसू देलं.

गुरुजी : पण दुपारी पुन्हा बेटावर गेलात ना? तेव्हा तरी उतरायचं.

उकंडा : कसं उतरू? पाणी मांगं गेलेलं. लाँच दूर. छोट्या होडीत माणसं दाटीनं बसलेले. म्हणे, बाबा, दोन-तीन गठुडे घेऊन या. म्हंजे तीन घेऊन मी गेलो तं आठ लाँचीत बेवारस. तीन धक्क्यावर ठेवून पुन्हा आठ आणाले आलो तं थे तीन बेवारस. अन् धक्क्यावर माकडं! एवढाली माकडं, माणसाच्या हातातून हिसकते. मी लय विचार केला. इकडून केला, तिकडून केला. विचार होईपर्यंत इंजिन सुरू झालं.

गुरुजी : अहो, हे तर वाघ, शेळी आणि गवताचं कोडं! होडी एक, नेणारा एक, आणि मागं काही सोडायची सोय नाही. उकंडाजी, मी हे कोडं दरवर्षी चौथीला घालतो. आजवर कोणीही त्यात खरोखर अडकलेला मला भेटला नव्हता.

उकंडा : तुमी हासून राह्यले जी.

गुरुजी : हसतोय, पण कोड्याला हसतोय. तुम्हाला नाही. नाही, थोडंसं तुम्हालाही.

पंचफुला : हासा जी, हासा. तिकडं बेटावर अकरा जणं उपाशी होते, थे कोणी नाई हासले. दुपारी गाइडनं शिट्टी वाजवली, म्हणे, अब खाना खाओ. काय खाओ? सगळे माह्याकडं पाहून राह्यले. घाटंजीची तुळसाबाई म्हणे, बाई, तुह्या नवऱ्यानं आमची चून-भाकर समुद्रात पळवली. चिंचेचं झाड होतं, त्याच्या चिंचा खाल्ल्या आमी. कच्च्या. साऱ्याईचे दात आंबले. संध्याकाळपर्यंत माह्याशी कोणी बोललं नाई. रागानं का दातानं, थे मात्र ठाऊक नाई.

उकंडा : माकडानं खाल्ली असती तं बरं झालं असतं का?

पंचफुला : पण एक सांगते गुरुजी. संध्याकाळी लाँच आली, तं हे समोरच बसलेले, तोंड सुकलेलं. अकराच्या अकरा गठुडे एका ओळीत. एकाचीही गाठ सुटलेली नोयती. आमच्या स्वतःच्या गठुड्याचीही नाई. मी मारलेली गाठ मले वळखू येते. दिवसभर भाकरीपाशी बसून उपाशी राह्यला हा माणूस. विचारलं, आपलं तरी खायाचं होतं, तं म्हणे, तुमी तिकडं उपाशी, अन् मी इकडं खात बसू काय? थ्या घडीले मी भांडायची होती, भांडलीच नाई.

उकंडा : दुसऱ्या दिवशी भांडली.

पंचफुला : थो हिशेब अलग.

गुरुजी : मग बाई, लेणं तुम्ही पाहिलं.

पंचफुला : हव. पण मी काय सांगणार जी? मले अक्षर येत नाई.

गुरुजी : लेण्यात कुठं अक्षरं होती? मघाशी त्या तोंडांवरचे भाव सांगायचे राहूनच गेले. तुम्ही सांगा. मला सांगा, मी एकटाच आहे.

पंचफुला : बाजूची दोन तोंडं... एका बाजूनं बाप्यासारखं हाय, मिशा, भिवया चढलेल्या, घरात आल्या आल्या तरकारीत मीठ कमी म्हणून ओरडते न, तसं. दुसऱ्या बाजूनं बाईसारखं, हातात कळी घेतलेली, काही बोलाचं हाय पण बोलत नाई असं. अन् मधातलं... थे कसं सांगू? डोळे मिटलेले, पण झोपलेलं नाई. कापूस वेचणीचं शेवटचं ओझं गोदामात टाकलं, पाठ सरळ केली, अन् आता कोणी काही सांगणार नाई, असं जे होते न आपल्याले, तसं तोंड हाय थे. मी उभीच राह्यली. गाइडनं दोन डाव शिट्टी वाजवली. मी नाई हालली.

उकंडा : हे रेल्वेत नाई सांगतलं मले.

पंचफुला : तुमी रेल्वेत पायऱ्या किती, खांब किती, असंच विचारलं. तोंड पाहून काय वाटलं, असं विचारलं कधी?

गुरुजी : आणखी काय वाटलं, बाई?

पंचफुला : हासू नका पण. मी उपाशी होती न, म्हणून असंल. मले वाटलं, हे कोरणारा माणूस दिवसभर इथं छन्नी ठोकत बसला असंल. म्हंजे त्याची बायको रोज दुपारी भाकर घेऊन हे सगळं चढून येत असंल. तवा पायऱ्याही नसतीन. गाइडले विचारलं, भाऊ, थ्या बाईचं काही कोरलेलं हाय का इथं कुठी? म्हणे, नहीं अम्मा, आगे चलो.

उकंडा : गुरुजी, चहा निवला जी.

गुरुजी : निवू द्या. उकंडाजी, शाळेची वेळ होत आली. मी तुम्हाला ओढून नेणार नाही. मी एकटा गेलो तर मुलांना सांगेन, पाहुण्यांना आज जमलं नाही. त्यात खोटं काही नाही. ठरवायचं तुम्ही.

उकंडा : नलू काय म्हणंल?

गुरुजी : ते मी सांगू शकत नाही. पोर तुमची आहे.

उकंडा : रडंल थे. नाई तं... फुला, थे रडंल का?

पंचफुला : पह्यले रडंल. मंग विचारंल, आबा, माकडं केवढाली होते?

उकंडा : हव. थे विचारंलच. गुरुजी, चला. मी येतो. पण मी सव्वाशेही नाई सांगणार अन् हजारही नाई. मी सांगीन, पोट्ट्याहो, मी उतरलोच नाई. चावडीवर जे सांगतलं थे खोटं होतं. मी लाँच सांगतो, भरती-ओहोटी सांगतो, थो खेकडा सांगतो.

गुरुजी : मुलं हसतील, उकंडाजी. मी आधीच सांगून ठेवतो.

उकंडा : हासू द्या. हासलेलं पोट्टं आयकते तरी. तुमचं कोडं घाला त्याईले, अकरा गठुड्याचं. मले सुटलं नाई, पोट्ट्याईले सुटते का पाहू.

गुरुजी : घालतो. आणि लेणं?

उकंडा : लेणं हे सांगंल.

पंचफुला : कोण, मी? वेचणीले जायाचं हाय मले! पंजाबरावाच्या वावरात बाया खोळंबल्या असतीन.

उकंडा : पराटीवरचा कापूस कुठी पळत नाई. थे काही लाँच नोय.

पंचफुला : पण मी शाळेत कधी गेलीच नाई जी. मले बोलता येत नाई लोकाईत. नुसती घरात बोलते मी.

गुरुजी : आत्ता माझ्याशी बोललात तसंच बोला. आणि अक्षर येत नाही म्हणालात ना, मलाही समुद्र येत नव्हता. इतकी वर्षं शिकवलाच की. तुम्हाला तर लेणं येतं.

पंचफुला : लुगडं तरी बदलू द्या.

उकंडा : बदल. निळ्या काठाचं नेस, दादरले नेसली होती थे.

पंचफुला : गुरुजी, आत शिरल्यावर करू काय मी पण? दाराशी उभी राहू?

गुरुजी : दाराशी कशाला? सरळ आत यायचं. तुम्ही आत आलात की चाळीस मुलं एकदम उभी राहतील. दचकू नका. शिकवणारं माणूस वर्गात आलं की उभं राहायचं, ही शाळेची रीत आहे.

पंचफुला : अन् मंग?

गुरुजी : मग तुम्ही म्हणायचं, बसा.

पंचफुला : मी म्हणू?

गुरुजी : तुम्हीच. तुम्ही म्हणेपर्यंत ती उभीच राहतील.